पाणी थोड्या वेळाने

शुक्रवार, १३ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना, की शेजारच्या काकूंना शेक घ्यायला सांगण्यातच तुझा दिवस जातो? मी बरी आहे. जेवते. झोपही येते, तुकड्यातुकड्याने.

आधी एक दुरुस्ती. आमच्या वरिष्ठ डॉक्टर सरांना मारलं तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत होते असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. मी कॅज्युअल्टीतच होते, तीन नंबरच्या खाटेच्या पडद्याआड, सरांपासून चार पावलांवर. खोटं का लिहिलं तेही मला माहीत आहे. खरं लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तू काय केलंस?

शाळेत घालायच्या आधी तीन वर्षं तू मला घरी शिकवलंस. शुद्धलेखन झालं की वही तू तपासायची नाहीस. "तूच तपास आणि चूक सापडली की मोठ्याने वाच. मला सापडली तर दहादा लिहायला लावीन." बाबा म्हणायचे, ही पोर एकतर न्यायाधीश होईल, नाहीतर वेडी. आत्ता मी दार लावून घेतलंय आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचते आहे.

सोमवारची सकाळ होती, दोन तारीख. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांची मुलगी आणि जावई घेऊन आले. छातीत दुखत होतं. नातेवाइकांना बाहेर थांबवलं. पाऊण तास आम्ही सगळं केलं. छाती दाबून दाबून माझे हात बधिर झाले. दहा पन्नासला सर म्हणाले, "थांबव." त्यांनी केसपेपरवर वेळ लिहिली. तेवढ्यात अपघातातली एक बाई आली, रक्ताने भिजलेली. सर तिकडे धावता धावता मला म्हणाले, "चष्मेवाली, नातेवाइकांना मी सांगतो. तोवर सांभाळ."

आमच्याकडे पद्धत अशी की मृत्यू वरिष्ठांनीच सांगायचा. तोवर ज्युनिअरने एकच वाक्य म्हणायचं, "उपचार चालू आहेत." पहिल्या आठवड्यातच शिकवतात. मी बाहेर गेले आणि म्हटलं. वीस मिनिटांनी परत म्हटलं. तिसऱ्यांदा त्या मुलीने माझी बाही धरली. हातात पाण्याची बाटली होती. "बाबांना सकाळपासून तहान लागलीय. दोन घोट देऊ का?"

मी म्हटलं, "थोड्या वेळाने द्या."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आत्या. हे माझं मीच म्हटलं. ती हसली. मी आत आले आणि त्यांच्या खाटेचा पडदा ओढून घेतला, कारण ती दाराच्या काचेतून बघत होती. त्यांचे डोळे नीट मिटलेले नव्हते. मी ते मिटले.

अकरा पस्तीसला सर मोकळे झाले, हात धुतले आणि दारापाशी जाऊन त्यांनी सांगितलं. सरांचा आवाज तुला माहीत नाही. फार हळू बोलतात.

जावई म्हणाला, "असं कसं? आत्ता तर बाई म्हणाल्या, पाणी देता येईल."

"कोण बाई?"

"त्या चष्मेवाल्या. मग त्या खोटं बोलल्या का?"

आणि सर म्हणाले, "नाही. ती खोटं बोलणारी नाही."

पडद्याची कड माझ्या मुठीत होती. एवढंच करायचं होतं, ती सरकवायची आणि म्हणायचं, हो, मी खोटं बोलले, ते पाऊण तासापूर्वीच गेले. मी श्वास रोखून उभी राहिले. जावई म्हणाला, "म्हणजे मघापर्यंत जिवंत होते. म्हणजे तुम्ही त्यांना सोडून तिकडे गेलात."

मग सलाईनच्या स्टँडची चाकं वाजली.

बाकीचं तू वर्तमानपत्रात वाचलंसच. सरांच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या रुग्णालयाचे उपअधीक्षक टाइप केलेला जबाब घेऊन आले. त्यात होतं, "मी नातेवाइकांना रुग्णाची प्रकृती अत्यंत गंभीर असल्याची स्पष्ट कल्पना दिली." ते म्हणाले, "दिली होतीस ना? सगळेच देतात." मी सही केली. सही झाल्यावरही ओळीवर बोट ठेवून मी तो कागद पुन्हा वाचला. ते म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे, बाळ. दे इकडे."

जावई कोठडीत आहे. पाणी देता येईल असं डॉक्टरीण म्हणाली होती, हेच तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. कोणी खरं मानत नाही, कारण माझी सही आहे. त्याने मारलं ते मारलंच. माझ्या वाक्याने ते कमी होत नाही, आणि त्याच्यासाठी माझ्या मनात दया आहे असंही नाही. स्टँड उचलणारे हात त्याचेच होते. पण तो एक गोष्ट खरी बोलतोय आणि ती खरी आहे हे रुग्णालयात मला एकटीला माहीत आहे.

खोलीतल्या मैत्रिणीला अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, "तू ना, चहात साखर कमी पडली तरी माफीनामा लिहून देशील. बाहेर काळ्या फिती लावून सगळे उभे आहेत. तुझ्या एका ओळीवर उद्या मथळा येईल, डॉक्टरच खोटारडे. मग पुढचा मार कोण खाणार, तू की मी?" ती चुकीचं बोलत नाही. तेव्हापासून आमचं फारसं बोलणं नाही.

मी आता भिंतीला पाठ लावूनच रुग्ण तपासते. आता सगळे स्टँड बिनचाकांचे आणलेत, तरी ती चाकं मला ऐकू येतात. कॅन्टीनवाले मामा विचारतात, "चहा आत्ता देऊ की थोड्या वेळाने?" मी उठून येते.

सरांना एकदाच भेटून आले. मान दाराकडे वळवून बसले होते. त्यांच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या, जागे असले की असेच बसतात. सरांनी विचारलं, "चष्मेवाली, तुला नाही ना लागलं?" मी नाही म्हटलं. त्यांनी त्या पाण्याबद्दल विचारलंच नाही. मी खरंच तसं म्हटलं असेल हे त्यांच्या मनातच आलेलं नाही.

आणि काल ती मुलगी आली होती. मृत्यूचा दाखला न्यायला. रेकॉर्डच्या खिडकीपाशी तिने मला बघितलं, मी चष्मा काढून हातात घेतला होता. "त्या दिवशी तुम्हीच होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"त्या बाई फार चांगल्या बोलल्या होत्या हो," ती म्हणाली. "तेवढा वेळ तरी बरं वाटलं होतं. भेटल्या तर सांगाल का त्यांना?"

मी "सांगते" म्हटलं.

या नकाराला कसली पद्धत नव्हती, कोणी सांभाळ म्हटलं नव्हतं, गर्दी नव्हती. आजूबाजूला कोणी नसतानाही मला खोटं जमलं. रात्रभर मला माझीच भीती वाटत राहिली.

तू मला थांबव असं लिहायला मी बसले होते बहुतेक. आता तसं वाटत नाही. रविवारी आधी सरांना सांगेन, त्यांनी ते दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये. त्यांनी माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं तर तेही बरोबर असेल. उपअधीक्षकांना आज अर्ज दिला. ते म्हणाले, "विचार कर, अजून तू कायमसुद्धा झालेली नाहीस." मी म्हटलं, केला. चौकशी समितीने वेळ दिली आहे.

बाबांना अजून सांगू नकोस. ते लगेच निघून येतील आणि मग मला रडू येईल. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा लहान होईन आणि मला तिथे मोठी म्हणून जायचं आहे. जुना जबाब चुकीचा आहे असं सांगून मी नवा देणार आहे, मंगळवारी, १७ मार्चला, सकाळी साडेदहा वाजता.

तुझी भाची