डाव्या हातातलं घड्याळ

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उदगीर,
सोमवार, ता. १८ नोव्हेंबर २०२४

माझी लाडकी मंजू,

अज्जीचा तुला अन् तुझ्या बाळाला पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडं खुशाल हाव. गुडघा तेवढा ऐकत न्हाई, पण तो कधी ऐकत होता?

पोराचा फोटो पाहिला. तुझ्या मोठ्या काकूनं, महानंदानं, मोबाइल धरला अन् मी चष्मा धरला. कान अगदी तुझ्या अज्जाचे! मी पणजी झाले म्हणून गल्लीभर साखर वाटली. समोरची शेवंता म्हणती, "गुरम्मा, तुम्हालाच लेकरू झाल्यावानी करून राहिल्या." म्हटलं, हाव, मलाच झालंय, बारशाला ये.

तुझ्या बापाचा, उमाशंकरचा, निरोप आला. रविवारी नांदेडला मठाचे अय्या, आपले जंगम, येऊन बाळाच्या गळ्यात लिंग बांधणार, तेव्हा बाळ माझ्याच मांडीवर पाहिजे म्हणतो. तेव्हापासून माझा पाय जमिनीवर न्हाई. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. डिंक चाकूरच्या बाजारातून आणवला, इथला दुकानदार लई खडे मिसळतो.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी नुसती हसत बसते अन् कामाचं राहून जातं. तिसरीपर्यंत शिकले, त्याचा आज उपयोग करून राहिले. अक्षरं वाकडी हायत, लावून घे.

कामाचं असं की तुझा मोठा काका शिवलिंग रविवारी येत न्हाई म्हणतो. काल ताटावरून म्हणाला, "उमाशंकरनं बाबांचं घड्याळ माझ्यापुढं आणून ठेवावं, मग मी त्याचा उंबरा चढतो." भाकरी तशीच ठेवून उठला.

अज्जा गेले तेव्हा तू पुण्याला शिकायला होतीस, तुला अर्धंच ठाऊक. अज्जाचं ते घड्याळ हैदराबादचं, आमच्या लग्नाच्या वर्षी आणलेलं. सकाळी लिंगपूजा झाली की पहिल्यांदा त्याला चावी, मग चहा. अज्जानं दोन्ही पोरांना एकेकटं गाठून सांगितलेलं, "माझ्या मागं हे तुझं." मला वाटायचं, गंमत करतात. माणूस गेल्यावर ती गंमत अंगलट आली.

आपल्यात माणसाला बसवून समाधी देतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. अन् घड्याळ डाव्याच मनगटात. म्हणून आंघोळ घालताना ते काढावं लागलं. तुझ्या बापानं सगळ्यांदेखत काढलं अन् कोनाड्यात ठेवलं. समाधी देऊन लोक माघारी आले, तर कोनाडा रिकामा.

तिसऱ्या दिवशी शिवलिंग म्हणाला, "ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक." तुझ्या बापानं गळ्यातलं लिंग हातात धरून शपथ घेतली. शिवलिंग म्हणाला, "लिंगाला तरी सोड की रे, चोरा." त्याच संध्याकाळच्या बसनं तुझा बाप नांदेडला गेला. सात वर्षं झाली.

लाडू डब्यातून काढले की लगेच झाकण लाव बरं का. मुंग्या लई.

परवा महानंदा ज्वारीची कोठी झाडून राहिली होती. मी म्हटलं राहू दे, मी करते. ऐकती कुठं. तळाला हात घातला अन् फडक्याची गाठ वर काढली. कानाला लावून म्हणाली, "आत्याबाई, हे चालू हाय."

मंजू, घड्याळ मीच घेतलं होतं.

लोक अज्जाला घेऊन गेले अन् घरात मी एकटी. कोनाड्यात ते टिकटिक करून राहिलं होतं. सकाळी त्यांनीच दिलेली चावी. माणूस थांबला अन् त्याच्या हाताची चावी संपली नव्हती. मला सहन झालं न्हाई, अन् थांबू द्यायलाही जीव होईना. फडक्यात बांधून कोठीत ठेवलं. चार दिवसांनी काढून देऊ, असं मनात होतं. पण तिसऱ्याच दिवशी 'चोर' हा शब्द निघाला अन् माझी जीभ टाळूला चिकटली. त्या घटकेला बोलले असते तर दोघं मला रागावून मोकळे झाले असते. उद्या सांगू, उद्या सांगू, करत सात वर्षं रोज पहाटे चावी दिली.

महानंदा गुणाची. म्हणाली, "उंदरानं नेलं म्हणा. कोठीत सापडलं म्हणा." रात्रभर तो उंदीर माझ्या डोक्यात पळून राहिला. पण शिवलिंगला मी वाढवलंय. तो म्हणणार, उमानंच तेव्हा कोठीत लपवलं असंल. उंदीर सुटंल, तुझा बाप सुटणार न्हाई.

इथवर लिहून उठले होते. शिवलिंग दुकानातून जेवायला आला, तेव्हा घड्याळ त्याच्या ताटाशेजारी ठेवलं अन् सगळं सांगितलं.

त्यानं ते कानाला लावलं. "चालू कसं?"

"रोज चावी देते."

"सात वर्षं?"

"हाव."

"म्हणजे मी याच ताटावर बसून उमाला चोर म्हणायचो, अन् तू वाढत होतीस?"

 माझ्या हातातली पळी त्यानं काढून घेतली अन् खाली ठेवली. म्हणाला, "अव्वा, घड्याळ मला नको. रविवारी गाडी मी चालवतो. ते उमाच्या हातात तू बांधायचं, सगळ्यांदेखत. अन् मला मोकळं रडू द्यायचं, मधे बोलायचं न्हाई."  तेव्हापासून बाहेर ओट्यावर पाठ करून बसलाय.

मंजू, हे पत्र तुझ्या बापाला तूच वाचून दाखव. मधलं काही गाळू नको, उंदीरसुद्धा. बाळ माझ्या मांडीवर द्यायचं का न्हाई, ते आता त्यानं ठरवावं. न्हाई म्हणाला तर त्याच्या हातात घड्याळ बांधीन, दारातूनच बाळाचे कान पाहीन अन् येईन माघारी. नवं लुगडं मात्र मी नेसणार हाय.

उमाला सांग, घड्याळाला पहाटे चावी लागती.

तुझ्या बापाची आई, जिनं घड्याळ घेतलं ती,
गुरम्मा