जे मी एकट्यानं पाहिलं ते शुभांगीच्या नावे

मी, सिद्धाराम हणमंतप्पा बिराजदार, वय २६, धंदा बोअरच्या गाडीवर मजुरी, शिक्षण नववी (दहावीला बसलो, उठलो), रा. माकणी, ता. लोहारा, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून न्हाय, लिहून ठेवतो की, बायको शुभांगी हिला आठवा महिना चालू आहे. गाडीवरच्या माणसाचं कधी काय होईल सांगता येत न्हाय, म्हणून माझ्या पश्चात असं व्हावं.

१. माझ्या हिश्श्याची दीड एकर, पत्र्याच्या दोन खोल्या आणि मोटारसायकल शुभांगीला. चोक ओढून धरावा लागतो. हिच्यावर मी विजापूर, रायचूर, एकदा तर नुसता पूल बघायला... असो.

२. बांधाकडचा कोपरा कुणी नांगरू नये. तिथं आमची पहिली लेक आहे. दोन वर्षांमागं श्रावणात, दिवस भरून पोटातच गेली.

३. विळी प्रेमाबाई काकूला. "गिऱ्हाणात कारलं चिरलं, म्हणून पोर गेलं," असं तिनं गल्लीभर केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं काही नसतं. विळी धार लावून द्यावी.

४. माझं चांदीचं कडं येणाऱ्या बाळाला. शुभांगी घरात टोपडंसुद्धा येऊ देत न्हाय, पाळणा म्हणलं की उठून जाते. म्हणून नुसतं कागदावर देतो.

५. लेकीला मी एकट्यानं पाहिलं. अव्वा, माझी आई, म्हणाली, "तिला दाखवू नको, येडी होईल." पुरून आलो, तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी धरली, दोन महिने फोन बंद. नंतर शुभांगीनं एकदाच विचारलं, "कशी होती?" मी म्हणलो, "चाकात हवा भरून येतो." तर माझ्या पश्चात तिला कळावं: केस लई होते. हनुवटी तिची. मूठ उघडून बघितली, बोटं लांब होती.

६. इथवर लिहिलं तर शुभांगी मागं उभी. वाचलं. म्हणाली, "तुमी मरायची वाट बघत बसू व्हय मी? तोंडानं सांगा." सांगितलं. दोघंबी रडलो. अव्वा दारातून म्हणाली, "पोटातल्याला ऐकू जातंय, गप्प बसा." शुभांगी म्हणाली, "जाऊ द्या. बहिणीचंच चाललंय." सबब कलम ५ रद्द. ती मिळकत हयातीतच दिली.

७. हे शुभांगीनं सांगितलं, मी लिहिलं. बाळंतपण होईस्तोवर सिद्धारामनं गाव सोडू नये. पोट गप्प वाटलं तर ती एकटी बाळाच्या लाथा मोजत बसणार न्हाय, हाक मारील. तो किल्ली घेऊन पळणार न्हाय, तिला घेऊन दवाखान्यात जाईल. हे कलम मरणाची वाट न बघता आजपासून लागू.

साक्षीदार: १. महांतप्पा बिराजदार २. गौरीशंकर स्वामी
ठिकाण: माकणी. दि. १७ नोव्हेंबर २०२४

सही: सिद्धाराम
कलम ७ पुरती सही: शुभांगी