यागोदाबाईंचं गाव

४ ऑक्टोबर २०२०, स्वोर्ड्स, आयर्लंड

अखेर मनासारखी खोली मिळाली! उजेड भरपूर, सँट्रीच्या ऑफिसला बस सोयीची. अर्थात सध्या सगळं काम घरूनच. घरमालकीण यागोदाबाई क्रोएशियाच्या, सत्तरीच्या, डोक्याला रुमाल. आल्या आल्या मिठी मारायला निघाल्या. कोविडची आठवण करून द्यावी लागली. खोली त्यांच्या मुलीची, ल्युबित्साची. ती गावी असते. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हे ज्ञानही बाईंनीच दिलं. मी पुण्याहून आलेय, जंगलातून नाही.

२२ ऑक्टोबर

पुन्हा लॉकडाऊन. बाई रोज चहाला बसवून गाव ऐकवतात. स्तारी ब्रेस्त : एक रस्ता, एक चर्च, मक्याची शेतं, आसपासच्या वाड्या मिळून एक ग्रामपंचायत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीची एक विंग याहून मोठी असेल. तरणी माणसं आयर्लंडला आली, घरं ओस पडली. गावात एक तरी चूल पेटती राहायला हवी, नाहीतर रिकाम्या घरांत 'दुसरं कुणीतरी' येतं म्हणे. म्हणून लेकीला तिथे बसवलंय! मी विचारलं, असं काय बघण्यासारखं आहे तिथे? बाई हसल्या. म्हणाल्या, "बघशील."

खेडवळपणा सगळीकडे सारखाच.

१० नोव्हेंबर

मीटिंगमध्ये आमच्या टीममधल्या रोहितने विचारलं, तुझ्यामागे आजोबा कोण बसलेत? माझ्यामागे भिंत आहे. त्याने स्क्रीनचा फोटोच पाठवला. मातीची चूल, बाकावर टोपीवाला म्हातारा. बॅकग्राउंडची काहीतरी गडबड. इंजिनिअर म्हणवतो आणि एवढं कळत नाही.

१९ नोव्हेंबर

खिडकीतून समोरच्या गाड्या दिसत नाहीत. चिखलाचा रस्ता, मोडकी कुंपणं, बंद घरं. भर दुपारी. बाहेर गेले तर स्वोर्ड्सच. आत येऊन पाहिलं तर पुन्हा—

बाईंना जाब विचारला. त्या माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणत होत्या. तिथे थंडी फार, म्हणाल्या. मूर्ख बाई. उद्याच नास गावाला मैत्रिणीकडे, सुचित्राकडे जाते.

२० नोव्हेंबर

सकाळी बॅग घेऊन खाली उतरले. स्वयंपाकघरात एक मुलगी. अंगात माझा कुर्ता. अधाशासारखी सूप ओरपत होती आणि यागोदाबाई तिचे केस कुरवाळत रडत होत्या. तिने वर पाहिलं. माझ्या आवाजात, माझ्या मराठीत म्हणाली, "सॉरी हं. पण मी तिथे फार एकटी होते गं."

मी दार उघडून पळाले.

बाहेर चिखलाचा रस्ता. मागे वळले तर दारही—

तारीख कळत नाही

चर्चला कुलूप. माणूस नाही. एकाच घरातून धूर, तिथेच राहिलेय. सुचित्राला फोन लागत नाही. आईला एकदाच लागला. आई म्हणाली, पद्मिनी, आत्ताच तर बोललीस, किती खूश होतीस! मी रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, कोण बोलतंय? तुमची भाषा कळत नाही मला.

मी मराठीतच बोलत होते. मराठीतच—

काय दरिद्री गाव. चूल मंदावली की रस्त्यावरची सगळी दारं किंचित उघडतात. म्हणून लाकूड घालते. थंडी आहे म्हणून घालते, दुसरं काही नाही.

लाकडं संपली.

दारं सताड उघडी. समोरच्या घरातून काहीतरी बाहेर आलंय. चालत नाही, नुसतं जवळ येतंय— त्याला सांगायला हवं, मी इथली नाही. मी पुण्याची. मी— काय म्हणतात ते— मी