कमी बोलणाऱ्या माणसाचा दहावा

प्रिय आबा,

उद्या तुमचा दहावा. घरात बायका पिंडाच्या तयारीला लागल्यात आणि मी गोठ्यात येऊन तुम्हाला लिहितेय. कुणाशी बोलू?

सकाळी तात्यांनी, तुमच्या सख्ख्या भावानं, सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्या कावळा शिवंना झाला तर मीच हात जोडून बोलणार. दादा, तुझ्या पोरीचं लगीन वर्साच्या आत उरकतो. इंदापूरचं स्थळ हाय. मग बघा कावळा कसा झडप घालतोय!"

पिंडापुढं दिलेला शब्द कोण मोडतंय? बारामतीची शाळा, मॅट्रिक, सगळं पाण्यात.

आणि आबा, खरंच शिवला तर? गाव म्हणेल, त्यांच्या मनात हेच होतं. नव्हतं, असं मी कशावरून सांगू? तुम्ही बोललात तरी कधी! साखर कारखाना काढायच्या सभेत सगळे तावातावानं भांडत होते आणि तुम्ही नुसता हात वर केलात. गुऱ्हाळावर दिवसभर उकळत्या रसाच्या काहिलीपुढं उभे, पण गूळ झाला की तोंडून शब्द एकच, "उतरा!" आई चिडायची, "ह्यांच्या तोंडात काय गुळाचा खडा हाय का?"

इंग्रजीच्या मास्तरांनी 'टॅसिटर्न' शब्द शिकवला तेव्हा मला तुम्हीच दिसलात. सुट्टीत आल्यावर मी सांगितलं, तर तुम्ही चक्क विचारलंत, "म्हंजी मुका?"

"न्हाय ओ आबा! मुक्याला बोलताच येत न्हाय. ह्याला येतं, पर सोभावच कमी बोलायचा."

"देवळात गप बसलेल्याला चालंल का?"

"त्यो घटकाभर गप. ह्यो शबुद जन्माच्या गप माणसाला लावायचा."

तुम्ही बैलांना वैरण टाकत राहिलात. मला वाटलं, संपलं बोलणं. मग हळूच म्हणालात, "वाईट हाय का?"

"शिवी न्हाय. पर कौतुक बी न्हाय. थोडी नाराजी असती त्यात."

"मला लावलास तर लाव. तुला कुणी लावाया नगं," म्हणालात, आणि पुन्हा वैरण.

अहो, त्याच्या पुढं चार शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तात्यांना एकदा "पोरगी शिकंल" एवढं सांगायचं होतं! तुम्ही गप राहिलात, आता ज्याला जे हवं ते तो तुमच्या तोंडी घालतोय. राग येतो तुमचा. रडूही येतं.

आईला म्हटलं, उद्या मीच बोलते. ती घाबरून म्हणाली, "बापय माणसांत बोलू नगंस बाई. आपुन मागं उभं ऱ्हायाचं." उद्यापासून तिलाही तात्यांच्याच हाताखाली राहायचंय.

तरीही सांगते, आबा. उद्या कालव्याकडेला पिंड ठेवला की तात्यांच्या आधी मी पुढं होईन. तात्या डोळे वटारतील. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, "आबा, मी मॅट्रिक होईन." कावळा आला तर आला. नाही आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतील, पण मी शब्द मागं घेणार नाही.

फार भ्यालेय हो. जमलं तर उद्या जरा लवकर या.

तुमची,
शकू