पंधरा पौंड जास्त

शुक्र. ११ एप्रिल ८६
सकाळी दहालाच झळा. दुकानात हवेचा कॉम्प्रेसर दोनदा बंद पडला.
हिरामणची मॅटॅडोर आली. सोनगीर-धुळे प्रवासी सीटा मारतो तीच. पुढची चाकं बघून डोकं फिरलं. दोन्ही टायर मधून गुळगुळीत, कडा मात्र जशाच्या तशा. म्हणजे हवा जास्त. कमी हवेला कडा जातात, जास्त हवेला पोट जातं, हे त्याला किती वेळा सांगितलंय. म्हटलं, "मी चाळीस पौंड भरून देतो, आणि तू रस्त्यात कुठे आणखी हवा ठोकून घेतोस?"
"सुधाभाऊ, तुन्हाबिगर मी कोनाकडेच हवा भरस नही. मन्ही मायनी आन."
चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर त्याला खोटारडा म्हटलं. चेहरा उतरला त्याचा. 
चाळीस भरली, वहीत लिहिली. टायर बदल म्हणालो. लग्नसराई होऊ दे म्हणाला.

बुध. १६ एप्रिल
युसूफभाईंकडे गेलो, रिमोल्डला दिलेले दोन टायर आणायला. चाळीस वर्षं झिजल्या टायरवर नवं रबर चढवतायत. टायरवर बोट फिरवून ड्रायव्हरचा स्वभाव सांगतात.
हसत म्हणाले, "सुधाकर, तेरे गाहकों के टायर पेट से ही क्यों घिसते हैं? बाकी दुकानों के तो किनारे से जाते हैं."
म्हटलं, गिऱ्हाइकं हावरी. दोन सीटा जास्त कोंबायच्या म्हणून बाहेर हवा वाढवून घेतात.
ते दुसऱ्या टायरकडे वळले. मला राग आला होता. या आग्रा रोडवर गेजचा काटा बघून हवा भरणारा मी एकटा. बाकीचे टायरला लाथ मारून अंदाज घेतात. वही ठेवणारा तर दुसरा कोणीच नाही. गाडीचा नंबर, तारीख, पौंड.

मंगळ. २९ एप्रिल
हि. आला. बोलला नाही. पुढे चाळीस, मागे पन्नास. टायर तेच. मीही विचारलं नाही.

शुक्र. २ मे
दुपारी अडीचला ट्रकवाल्याने सांगितलं, देवभान्याच्या अलीकडे मॅटॅडोर उलटली. सोनगीरची.
सिव्हिलला गेलो. हि. जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखालून गेला. चौदा सीटा होत्या. एक बाई जागेवर गेली, एक म्हातारबाबा दवाखान्यात. बाई सोनगीरच्या तांबटाची बायको, सुशीला नाव. माहेराहून येत होती. सोनगीर दहा मिनिटांवर राहिलं होतं.
पुढचा डावा टायर फुटला म्हणे.
घरी आल्यावर कमलने विचारलं, जेवता का? नाही म्हटलं.

शनि. ३ मे
जागेवर जाऊन आलो. गाडी खड्ड्यात तशीच. टायर मधोमध फाटलेला, आतले दोरे बाहेर. हवालदार तिथेच होता. म्हणाला, "गुळगुळीत, गोटा टायर. त्यावर चौदा माणसं. आता भोगेल."
मी मान हलवली. खरं लिहायचं तर बरं वाटलं. मी त्याला सांगितलं होतं, चार माणसं साक्षीला आहेत, असंच डोक्यात चाललं होतं परत येताना.

सोम. ५ मे
आज जे झालं ते नीट लिहितो.
मध्य प्रदेशचा ट्रक थांबला. सरदारजी, वयस्कर. मागच्या चाकांना ऐंशी सांगितली. मी भरली. त्याने टूलबॉक्समधून स्वतःचं गेज काढलं, लावलं, परत लावलं. "मिस्त्री, ये तो पंचानवे है." ऐंशीच्या जागी पंच्याण्णव. म्हटलं, तुमचं खराब असेल. तो भांडला नाही. हवा सोडून बेताची करून घेतली आणि गेला.
गिऱ्हाईक नव्हतं. गेज घेऊन युसूफभाईंकडे गेलो. त्यांच्याकडे दोन गेज. एकाच चाकाला तिन्ही लावून पाहिली. त्यांची दोन्ही पंचावन्न. माझं चाळीस.
चार वेळा लावलं.
जानेवारीत माझं गेज ओट्यावरून पडलं होतं. काच फुटली, काटा निखळला. काच नवी घातली, काटा मीच चिमट्याने बसवला. शून्यावर यायचा, म्हणून बरोबर आहे असं धरून चाललो. पुढे कुठेही ताडून पाहिलं नाही.
जानेवारीपासून मी प्रत्येक गाडीत पंधरा पौंड जास्त भरतोय. हि. कुठेच जात नव्हता. माझ्याकडेच यायचा.
यु.भाई म्हणाले, "बैठ जा." बसलो. पाणी दिलं. म्हणाले, त्या दिवशी मी जोर देऊन बोलायला हवं होतं. ते असं बोलले म्हणून जास्तच लागलं.

गुरु. ८ मे
दुकान बंद. वही उघडली. जानेवारीपासूनच्या सदतीस गाड्या. बाहेरगावचे ट्रक वेगळे, ते कुठे शोधणार.
तीन दिवस यु.भाईंचं गेज घेऊन स्टँडच्या मागे, मार्केट यार्डात, पारोळा नाक्यावर उभा. गाडी दिसली की थांबवतो, हवा सोडतो. काय सांगायचं? पहिल्या दिवशी "उन्हाळ्यात कमी ठेवा" म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून खरं सांगायला लागलो. माझा काटा खोटा होता. एकाने कॉलर धरली. एक रिक्षावाला हसला, "बठ्ठा गावले शिकवनारा तू!" सगळ्या गावाला शिकवणारा, मी.
एकतीस झाल्या. प्रत्येकीचा टायर मधून झिजलेला. बघायचं ठरवलं असतं तर आधीही दिसलं असतं.

रवि. ११ मे
दुकान उघडलं. नवं गेज आणलं, यु.भाईंच्या दोन्हींशी ताडून.
अकराच्या सुमारास सायकलवर एक माणूस. पंक्चर. पस्तिशीचा, डोकं नुकतं भादरलेलं. ट्यूब काढताना विचारलं, कुठून आलात? सोनगीर. मग कळलंच. देविदास तांबट, सुशीलाबाईंचा नवरा. पोस्टमॉर्टेमच्या कागदासाठी धुळ्याला निघालेला.
मडक्यातलं पाणी दिलं. आपणहून बोलायला लागला. लहान मुलगी आहे, तीन वर्षांची. रोज रस्त्यावर जाऊन उभी राहते. गाडी आली की धावते.
"त्या डायवरले मी सोडाव नही," म्हणाला. "टायर बदलाले काय व्हयनं व्हतं त्याले?"
माझ्या हातात ट्यूब. पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतो. दोन शब्द बोलायचे होते. पंक्चर काढलं, हवा भरली. पैसे नको म्हटलं. त्याने हात जोडले मला.
तो वळेपर्यंत उभा होतो. मग आत जाऊन मडक्यातलं पाणी ओतून दिलं.

मंगळ. १३ मे
कमलला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोलीस तुमच्याकडे आले नाहीत ना? मग तुम्ही कशाला जाता? दोन पोरी आहेत आपल्याला." मी म्हणालो, देविदासलाही एक आहे. ती भाकरी थापत राहिली.

गुरु. १५ मे
सिव्हिल. हि.च्या कॉटजवळ पोलीस बसलेला, बिडी ओढायला बाहेर गेला तेव्हा सांगितलं. गेज, काटा, जानेवारी, सगळं. हि. छताकडे बघत होता. वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाला,
"म्हंजे मी खोटा नव्हतू."
म्हटलं, नव्हतास.
"चार मानसेसमोर बोलना तू."
हो.
त्याने तोंड भिंतीकडे केलं. अर्धा तास बसलो. त्याची आई डबा घेऊन आली, तिने मला "बस भाऊ" म्हटलं. उठलो.

सोम. १९ मे
पोलीस ठाणं. हवालदार तोच. गेज टेबलावर ठेवलं. म्हणाला, "हे काय? दोषी सापडलाय, गाडी सापडलीय. गोटा टायरवर चालवायला तू सांगितलंस का?" म्हटलं, टायर गोटा माझ्या हवेने झाला. "उन्हानेही फुटतात. घरी जा."
मला सोडतायत याचा मोह झाला. हेही लिहून ठेवतो.

सोम. २ जून
हि.च्या भावाने वकील दिलाय. त्यांना भेटलो. त्यांनी मधे तोडलं नाही. म्हणाले, "लेखी द्याल, तर त्याचा भार हलका होईल. पण तुमच्यावर केस होऊ शकते. आणि कोर्टात सरकारी वकील विचारतील, महिनाभर काय करत होतात? विचार करून या."
वहीतल्या चार गाड्या अजून सापडलेल्या नाहीत. अमळनेरची जीप विकली म्हणे, कोणाला ते माहीत नाही. अमळनेर स्टँडवर दोनदा जाऊन आलो.

रवि. १५ जून
सोनगीरला गेलो. देविदास ओसरीत पातेल्याला ठोके देत होता. मला ओळखलं, "पंक्चरवाला भाऊ" म्हणून बस म्हणाला. मुलगी बाजूलाच, पितळेच्या वाटीत माती भरत होती.
उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगू शकलो नसतो.
हातोडी थांबली.  वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.
म्हणाला, "त्या दिनले तुन्हा हातनं पानी पेनू मी."
मग, "तुले तवा माहीत व्हतं?"
माहीत होतं.
"कोर्टमा सांगशी?"
सांगेन.
"मंग जाय आते. पोरगी शे आठे."

बुध. १८ जून
कमल पोरींना घेऊन जळगावला गेली, भावाकडे. शाळा उघडायच्या आत येते म्हणाली होती. शाळा परवा उघडल्या.

शुक्र. २७ जून
वकिलांकडे सही केली. तीन पानं. वाचून दाखवलं त्यांनी. "माझ्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द त्यांनी घातले नव्हते, मी घालायला लावले. म्हणाले, पुन्हा विचार करा. केला.
खाली आलो तर जिन्याजवळ देविदास उभा. कोणी सांगितलं माहीत नाही. म्हणाला, सही करताना बघायची होती, पण वर येववलं नाही. कागद माझ्याजवळ नव्हता. सहीच्या पेनाची शाई अंगठ्याला लागली होती, ती त्याने पाहिली.
स्टँडपर्यंत दोघं चाललो, एका रस्त्याने. त्याची एस.टी. आधी लागली. चढताना त्याने मागे पाहिलं. हात हलवावा की नाही कळेना, तोवर गाडी निघाली.
कोर्टाची तारीख ऑगस्टमध्ये लागेल म्हणतात.