पळसाचा रस्ता

इचोडा, रविवार

अमरदीप, जयभीम.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या घरी टपाल कोण उघडतं, मला ठाऊक नाही.

साहेबांबरोबर गाडीने नागपूरला जाताना हायवेवर दहा मिनिटं थांबतो, असं तू मायला सांगितलं होतंस. ती सकाळपासून भाकरी आणि तिळाची चटणी बांधून हायवेवरच्या स्टँडसमोर उभी होती. ऊन चढलं, तेव्हा मी फोन केला. एरवी "जयभीम, ताई" म्हणणारा तू आज "हॅलो, बोला" म्हणालास. मग म्हणालास, "हायवेला फार गर्दी, म्हणून उटनूरच्या जंगलातून आलो. पुढे निघून गेलो आता. पळस काय फुलला आहे!"

फोटोही आले. पळसाखाली तू आणि तुझे साहेब हसत उभे आहात. पळस खरंच फुलला आहे. माणसाला जंगल बघावंसं वाटू शकतं. साहेबांना माय दिसू नये म्हणून तू रस्ता बदललास, असं मी लिहिणार नाही. पण तुझं ते "बोला" कानातून जात नाही.

मायला मी म्हटलं, "हायवे बंद हाय म्हणे, माय. पोलिसांनी गाड्या उटनूरकडून वळवल्या."

तिने समोरून धडधडत जाणाऱ्या ट्रकांकडे पाहिलं.

"मंग हे कोठून येऊन राह्यले, बाई?"

गाडीत कोणी नसेल तेव्हाची तुझी,
ताई