खिडकीवाली खोली

तुषारराव,

तुम्ही उद्या येताय म्हणे. उज्जैनला थंडी पडली, हवा छान झाली, तशी बायकोची आठवण झाली. धन्य!

मे महिन्यात माझ्या बँकेतल्या बदलीपाठोपाठ रत्नागिरीहून आलात आणि भर दुपारी सगळ्या खिडक्या उघडल्यात. शेजारच्या सुमनताई ओरडल्या, "अहो, लू चालतेय, गरम वारा बाधेल, खिडक्या लावा!" तुम्ही त्यांनाच हसलात. समुद्रकाठचे ना तुम्ही, वाऱ्यातलं सगळं तुम्हालाच कळतं. संध्याकाळी ताप, उलट्या. मी कैरीचं पन्हं पाजत उशाशी बसले. जरा बरं वाटताच "हे गाव माणसांनी राहायचं नाही" म्हणालात आणि गाडीत बसलात. मी बहुधा माणसांत मोडत नव्हते.

तुम्ही गेल्यावर माझ्या नाकातून रक्त आलं, टाचा फुटल्या, कूलरमध्ये पाणी मीच भरलं. आता ऊन चढायच्या आत माझ्या खिडक्या बंद असतात. सुमनताई म्हणतात, "भार्गवी, तू तर पक्की इथली झालीस."

हे पत्र टाकणार नाही. दारात आलात की तोंडावरच सांगेन: हवा खायला येणाऱ्यांसाठी फ्रीगंजात लॉज पुष्कळ आहेत. खिडकीवाली खोली मागा.

इथलीच,
भार्गवी